बाथमधलं ‘नंबर १, रॉयल क्रेसेंट’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रॉयल क्रेसेंट’ म्हणजे इंग्लंडमधल्या बाथ शहरातली अठराव्या शतकातली तीस घरांची कमानदार रांग, आणि तिच्या टोकाचं नंबर १ हे आता संग्रहालय आहे. इंग्लंडच्या सहलीत बाथला जाणारे, वास्तुकला शिकणारे आणि तिथल्या जुन्या घरात भाड्याने किंवा मालकीने राहणारे, अशा तीन प्रकारच्या मराठी वाचकांकडून हे प्रश्न येतात. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टाउन हाउस म्हणजे नेमकं काय? हा एखाद्या सरदाराचा राजवाडा होता का?

नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रज श्रीमंतांचं खरं घर गावाकडे, जमीनजुमल्याच्या मध्यभागी असायचं. शहरातलं घर मोसमापुरतं. बाथला गरम पाण्याचे झरे होते, नाचगाणी होती, जुगार होता, मुलामुलींची लग्नं जमवायची सोय होती. लोक काही आठवडे किंवा काही महिने येत आणि भाड्याने घर घेत. म्हणून टाउन हाउस अरुंद आणि उंच असतं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून रांगेत उभं राहतं. आपला वाडा रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करतो. हे घर नेमकं उलट वागतं: सगळा खर्च रस्त्याकडच्या तोंडावर, आत चौक नाही, आणि मागची बाजू कोणी बघणारच नाही अशा समजुतीने बांधलेली.

२. नंबर १ कधी बांधलं, कोणी बांधलं?

रॉयल क्रेसेंटची पायाभरणी १७६७ मध्ये झाली आणि अर्धवर्तुळाकार रांगेतली तीसही घरं १७७५ च्या सुमारास पुरी झाली. वास्तुकार जॉन वूड धाकटा. त्याच्या वडिलांचंही नाव जॉन वूड. जवळचा ‘सर्कस’ हा गोल चौक १७५४ साली वडिलांनी सुरू केला, त्याच वर्षी ते वारले आणि काम मुलाने पुरं केलं. माहितीफलकांवर या दोघांची गल्लत सर्रास होते.

नंबर १ हे पूर्वेकडच्या टोकाचं घर. ते सर्वांत आधी उभं राहिलं आणि बाकीच्यांसाठी नमुना ठरलं. त्याचा पहिला भाडेपट्टा वूडच्या सासरच्या ब्रॉक कुटुंबात गेला. सर्कस आणि क्रेसेंट यांना जोडणाऱ्या ब्रॉक स्ट्रीटला नाव त्यांचंच आहे. पुढे १७७६ ते १७९६ अशी वीस वर्षं हेन्री सँडफर्ड हे आयरिश गृहस्थ इथे भाड्याने राहिले. आयर्लंडच्या संसदेत सदस्य म्हणून बसून निवृत्त झालेला हा माणूस. संग्रहालयाची आजची मांडणी त्यांच्या काळाची आहे.

३. ‘रॉयल’ का? राजाचा संबंध काय?

मूळ नाव नुसतं ‘द क्रेसेंट’. तिसऱ्या जॉर्ज राजाचा मुलगा फ्रेडरिक, ड्यूक ऑफ यॉर्क, इथे राहून गेल्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘रॉयल’ चिकटलं. बांधकामाला राजघराण्याचा पैसा लागलेला नाही.

४. एवढं मोठं बांधकाम एका माणसाने स्वतःच्या पैशाने केलं?

हा प्रश्न समजला की इमारत समजते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वूडने जमीन मालकाकडून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली आणि तिचे तुकडे पाडून ते पुन्हा पट्ट्याने दिले. घेणारे गवंडी, सुतार, ठेकेदार आणि चार पैसे गुंतवू पाहणारे गावातले लोक. करारातली मुख्य अट एकच: रस्त्याकडचं तोंड वूडच्या नकाशाबरहुकूम बांधायचं. खांबांचं माप, खिडक्यांच्या ओळी, कंगोऱ्याची उंची, दगड, सगळं ठरलेलं. त्या तोंडामागे किती खोल्या, जिना कुठे, मजल्यांची उंची किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

अशा सट्ट्याच्या बांधकामात जमिनीचं भाडं सुरुवातीला नाममात्र ठेवण्याची चाल होती, कारण घर उभं राहून गिऱ्हाईक मिळेपर्यंत बांधणाऱ्याच्या हातात पैसा नसे. बहुतेक घरं कर्जावर उभी राहत. त्यामुळे जिथे डोळा जात नाही तिथे काटकसर झाली: आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर पट्ट्या ठोकून गिलावा केलेल्या, मागच्या भिंती ओबडधोबड, तुळया मापापेक्षा जेमतेम. पैसा सगळ्यांनाच मिळाला असंही नाही. खुद्द वूड १७८२ मध्ये वारला तेव्हा कर्जात होता.

५. समोरून सगळी घरं एकसारखी आणि मागून अशी वेडीवाकडी का?

कारण प्रश्न ४ मधली अट फक्त तोंडापुरती होती. मागे कुणी जिन्यासाठी फुगवटा काढला, कुणी खोली पुढे ओढली, कुणी छप्पर उंच केलं. खिडक्यांच्या ओळी शेजाऱ्याशी जुळत नाहीत. आमचा सल्ला: समोरचे फोटो काढून झाले की मागच्या गल्लीत जाऊन बघाच. इंग्लिश टाउन हाउस कसं घडलं हे तिथे कळतं.

समोरचा हिशोब असा. तळमजला मुद्दाम साधा ठेवलेला. त्यावर पहिला आणि दुसरा मजला मिळून उभे असलेले आयोनिक (माथ्याला वेटोळ्यांची नक्षी असलेले) खांब, एकूण ११४, प्रत्येकाचा व्यास सुमारे ३० इंच. वर रुंद कंगोरा आणि कठडा. रांगेच्या बरोबर मध्यावरच्या घराला जोडखांब आहेत. मध्य दाखवायला वूडने एवढंच केलं. त्रिकोणी शिखर नाही, घुमट नाही. लांबी सुमारे ५०० फूट. एवढ्या लांब भिंतीवर कुठेही मोठी नक्षी न करता ती कंटाळवाणी होऊ न देणं हे वूडचं खरं कसब, असं आमचं मत आहे.

वळणामुळे आणखी एक गंमत होते. घरांची तोंडं कमानीच्या आतल्या बाजूला आहेत, त्यामुळे प्रत्येक जागा पुढे अरुंद आणि मागे रुंद होत जाते. शेजाऱ्यांमधल्या सामाईक भिंती एकमेकींना समांतर नाहीत. अशा खोलीत फरशी किंवा गालिचा घालताना कोपरे काटकोनात धरले की एका टोकाला पाचर उरते. माप चारही बाजूंनी आणि दोन्ही कर्णांनी घ्यावं.

६. एक घर कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे रस्त्यावरून कसं ओळखायचं?

दारं मोजणं हा सोपा उपाय, पण सामाईक भिंत नेमकी कुठे आहे ते दारावरून कळत नाही. वर बघा: धुराड्यांचे जाड गठ्ठे सामाईक भिंतींवर उभे असतात, कारण दोन्ही घरांच्या शेगड्या त्या भिंतीला पाठ लावून असतात. दुसरी खूण दगडाच्या रंगात. ज्या मालकाने दगड धुवून घेतला त्याची हद्द संपते तिथे कधी कधी सरळ उभी रेघ दिसते.

७. भिंत पूर्ण दगडी आहे ना? मग ती खराब का होते?

तोंडाकडचा घडीव दगड म्हणजे बहुधा सहा-आठ इंचांचा थर, त्याच्या पोटात अनघड दगड आणि चुना. दगड बाथ परिसरातलाच: मधाच्या रंगाचा चुनखडक. शहराजवळच्या कूम डाउनच्या खाणींतून तो काढून खाणमालक रॅल्फ ॲलन याने १७३० च्या दशकात उतारावर लाकडी रुळांची गाडीवाट टाकली आणि नदीपर्यंत दगड स्वस्तात उतरवला. शहर या दगडाचं झालं ते त्यामुळे.

खाणीतून काढल्यावर हा दगड करवतीने कापता येईल इतका मऊ असतो. आतलं पाणी सुकत गेलं की बाहेरचा थर कडक होतो. तो कसाही कापता येतो, पण बसवताना खाणीत ज्या पातळीत होता त्याच पातळीत आडवा बसवावा लागतो. घाईत कुणी उभा थर बाहेर तोंड करून बसवला असेल, तर काही दशकांत त्याचे पापुद्रे निघतात. शेजारचे दगड ठणठणीत आणि मधलाच एक सोलल्यासारखा दिसला, तर कारण बहुतेक हेच.

काळेपणा कोळशाच्या धुराचा. धुरातला गंधक चुनखडकाशी मिळून जिप्समचा थर तयार करतो आणि त्यात काजळी अडकते. पावसाने धुतला जाणारा भाग उजळ राहतो, कंगोऱ्याखालचा कोरडा भाग काळा पडतो. सफाईला पाण्याचा अगदी बारीक फवारा किंवा लेप वापरतात. जोरात वाळू मारून साफ केलं की कडक झालेला बाहेरचा थरच निघून जातो, आणि तो परत येत नाही.

सर्वांत मोठं नुकसान मात्र सिमेंटने केलं आहे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

८. सांध्यांतला चुना पडला आहे. सिमेंटने सांधे भरून घेतले तर काय बिघडतं?

जुनी भिंत पाणी शोषते आणि सोडते. दगडापेक्षा सांधा मऊ असेल तर पाणी आणि क्षार सांध्यातून बाहेर पडतात, झिजतो तो सांधा, आणि तो पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा भरता येतो. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा कडक. पाण्याची वाट बंद होते, ते दगडाच्या तोंडातून निघू लागतं, आत क्षारांचे खडे धरतात आणि दगडाची कड फुटते. काही वर्षांत सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि दगड मागे खचलेला, असं उलटं चित्र दिसतं.

योग्य पद्धत: सैल झालेला चुना हाताच्या छिन्नीने काढायचा. यंत्राची चकती वापरू नये, ती दगडाची कड खाते. सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत साफ करायचं. धूळ काढून भिंत ओली करायची. मागच्या अनघड भिंतीला साधारण एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली खरखरीत वाळू. समोरच्या घडीव दगडाचे सांधे दोन-तीन मिलिमीटरचेच असतात. तिथे वाळू शिरतच नाही, म्हणून चुन्याचा मऊ लगदा आणि दगडाची बारीक भुकटी. काम झाल्यावर काही दिवस ओलं गोणपाट टांगून ठेवायचं. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम हातात घेऊ नये. चुना धरायच्या आत गोठला की भुसभुशीत होतो. इंग्लंडात याचा अर्थ नोव्हेंबर ते मार्च हे काम जवळजवळ बंदच.

९. कोणत्या मजल्यावर काय असायचं?

नंबर १ मध्ये तळमजल्यावर जेवणाची खोली आणि घरमालकाची अभ्यासिका. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना आणि मालकिणीची शयनखोली. त्यावर मालकाची शयनखोली. माळ्यावर नोकर. तळघरात स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, नोकरांची जेवणाची खोली.

सर्वांत उंच छत पहिल्या मजल्याला. बाहेरून खिडक्यांची उंची पाहिली की खोल्यांचा मान कळतो: वर जावं तशा खिडक्या बुटक्या होत जातात.

तळघराबद्दल एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. बाथमध्ये बरेचदा तळघर जमिनीत खणलेलं नसतं. रस्ताच वर उचललेला असतो. घराची पहिली पातळी मूळ जमिनीवर, आणि समोरचा रस्ता व फरसबंदी कमानींवर. त्या कमानींखाली कोळशाची कोठारं. म्हणून पुढून तळघर वाटतं आणि मागचं दार त्याच पातळीवर परसात उघडतं. या कोठारांना ओल येणं स्वाभाविक आहे, कारण त्यांच्या डोक्यावर रस्ता आहे. आतून सिमेंटचा गिलावा करून ती थांबत नाही, शेजारच्या भिंतीत सरकते.

१०. पाणी, शौचालय, स्वयंपाक यांची सोय काय होती?

पाणी नळातून ठरावीक वेळीच यायचं आणि टाकीत साठवलं जायचं. वरच्या मजल्यांवर ते बादल्यांनी चढवणं, आणि रात्रीची भांडी तशीच उतरवणं, हे नोकरांचं काम. शौचकूप मागच्या अंगणात. प्रत्येक मुख्य खोलीत कोळशाची शेगडी, म्हणजे कोळसाही वर आणि राखही खाली.

स्वयंपाकघरात विस्तवासमोर मांस फिरवत भाजत. नंबर १ च्या स्वयंपाकघरात भिंतीवर उंच बसवलेलं एक लाकडी चाक दिसतं. त्यात आखूड पायांचा कुत्रा धावायचा आणि सळई फिरायची. बऱ्याच जणांना ते खेळणं वाटतं. ती त्या काळची खरीखुरी यंत्रणा होती.

११. आत दिसणारं सामान मूळ घरातलं आहे का?

नाही, आणि तसा दावाही नाही. विसाव्या शतकापर्यंत या घराच्या भाड्याच्या खोल्या झाल्या होत्या. १९६७ मध्ये बर्नार्ड केझर यांनी ते विकत घेतलं आणि दुरुस्तीच्या खर्चासह बाथ प्रिझर्वेशन ट्रस्टला दिलं. वास्तुकार फिलिप जेब यांच्या देखरेखीखाली ते पूर्ववत झालं आणि १९७० मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. फर्निचर, चित्रं, भांडी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, पण वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेली. भिंतीवरचे कागद आणि कापड बरंचसं जुन्या नमुन्यांवरून नव्याने केलेलं.

जुनी वर्णनं वाचून जाणाऱ्यांसाठी: शेजारचा ‘नंबर १ ए’ हा सेवकवर्गाचा भाग मधल्या काळात वेगळं घर झाला होता. तो परत जोडून २०१३ मध्ये संग्रहालय मोठं केलं गेलं. नोकरांची बाजू आता नीट पाहता येते. आमच्या मते दिवाणखान्यापेक्षा तीच अधिक बोलकी आहे.

१२. सॅश खिडकी चालते कशी? आमची वर राहत नाही, धाडकन खाली येते.

दोन चौकटी एकीपुढे एक, उभ्या सरकणाऱ्या. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोरी, दोरी कप्पीवरून खोक्यात, आणि खोक्यात लोखंडी किंवा शिशाचं वजन. वरच्या चौकटीची दोन्ही वजनं मिळून चौकटीपेक्षा किंचित जड असतात, म्हणजे ती वर घट्ट बसते. खालच्या चौकटीची किंचित हलकी, म्हणजे ती खाली बसते. धाडकन खाली येते याचा अर्थ दोरी तुटली आहे, किंवा कुणीतरी जुनी काच काढून जाड काच घातली आणि वजनं बदलली नाहीत.

दोरी बदलण्याचा क्रम: आतली पट्टी काढा, खालची चौकट बाहेर घ्या, दोन चौकटींमधली बारीक पट्टी काढा, वरची चौकट घ्या. बाजूच्या उभ्या फळीत तळाशी एक छोटं लाकडी झाकण असतं, बहुधा रंगाने बुजलेलं. ते उघडून वजन बाहेर काढा. नवी मेणलेली सुती दोरी बारीक सुतळीला बांधा, सुतळीच्या टोकाला शिशाचा तुकडा लावून कप्पीवरून खाली सोडा, म्हणजे दोरी ओढून घेता येते. वजनाला गाठ मारा आणि दुसरं टोक चौकटीच्या कडेच्या खोबणीत खिळ्यांनी पक्कं करा. दोन चुका नेहमी होतात. खिळे खोबणीत फार वर ठोकले की चौकट पूर्ण वर जात नाही, दोरी कप्पीला अडते. आणि दोरी फार लांब ठेवली की वजन खोक्याच्या तळाला टेकतं आणि चौकट शेवटच्या चार इंचांत सैल पडते. एक तुटली असेल तरी चारही बदला.

तावदानांवरून काळही ओळखता येतो. जुनी काच फुंकून, फिरवून ताटासारखी केलेली असे; तिरप्या उजेडात तिच्यात वक्र लाटा दिसतात. लाकडी दांड्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जाड, अखेरीस अगदी सडपातळ. व्हिक्टोरियन काळात (१८३७ ते १९०१) मोठ्या जड काचा आल्या, मधल्या दांड्या गेल्या. वजन पेलायला वरच्या चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांत खाली लोंबणारी लाकडी ‘शिंगं’ ठेवू लागले. शिंगं दिसली की ती चौकट जॉर्जियन, म्हणजे क्रेसेंटच्या काळातली, नाही असं धरायला हरकत नाही. त्याच काळात बाथमध्ये बऱ्याच घरांनी पहिल्या मजल्याच्या खिडक्या खालच्या बाजूने कापून लांब केल्या.

१३. बुजवलेल्या खिडक्या खिडकी-करामुळेच ना?

कधी कधी. हा कर १६९६ ते १८५१ होता आणि १७६६ पासून सात खिडक्यांच्या घरालाही लागू झाला. पण रॉयल क्रेसेंटसारख्या घरात राहणारा माणूस एका खिडकीच्या करासाठी दिवाणखाना अंधारा करील हे पटत नाही. बऱ्याच आंधळ्या खिडक्या पहिल्यापासूनच आंधळ्या आहेत: बाहेरची ओळ जुळवायची होती आणि आत त्या जागी धुराड्याची नळी किंवा आडवी भिंत होती. आत जाऊन पाठीमागे काय आहे ते बघा. शेगडी असेल, तर ती खिडकी कधीच उघडी नव्हती.

१४. पावसाचं पाणी जातं कुठे? समोर एकही पाइप दिसत नाही.

छप्पर कठड्याआड लपवलेलं आहे. त्याच्या पायथ्याशी, कठड्याच्या आतून, शिशाच्या पत्र्याची पन्हळ जाते आणि पाणी बहुधा मागच्या बाजूला नेलं जातं. समोरचं तोंड स्वच्छ राहावं म्हणून केलेली ही युक्ती जुन्या टाउन हाउसची सर्वांत दुबळी जागा आहे. साध्या छपरात पाणी तुंबलं तर बाहेर सांडतं, इथे ते आत सांडतं. पाला अडकला की पाणी पत्र्याच्या कडेवरून भिंतीत, तिथून तुळयांच्या टोकांत. भिंतीत पुरलेलं लाकूड कुजतं आणि छतावर डाग दिसेपर्यंत पत्ता लागत नाही.

वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर आणि वसंतात, पन्हळ हाताने साफ करावी. पत्रा बदलताना लांबच लांब तुकडा टाकू नये. उन्हाने फुगून-आकसून तो मध्येच फाटतो. दीड-दोन मीटरवर पायरी देऊन नवा तुकडा सुरू करतात. फाटलेल्या पत्र्यावर डांबर फासणं म्हणजे दोन हिवाळे ढकलणं.

१५. लंडनच्या घरांबद्दल वाचलेलं ‘फर्स्ट रेट’, ‘सेकंड रेट’ हे वर्गीकरण इथे लागू होतं का?

नाही. ते १७७४ च्या लंडन बांधकाम कायद्यातलं आहे आणि लंडनपुरतंच. पहिला वर्ग: किंमत ८५० पौंडांहून अधिक आणि व्याप ९०० चौरस फुटांहून अधिक. दुसरा: ३०० ते ८५० पौंड, ५०० ते ९०० चौरस फूट. तिसरा: १५० ते ३०० पौंड, ३५० ते ५००. चौथा त्याखाली. वर्गानुसार भिंतीची जाडी ठरे. खिडक्यांच्या लाकडी पेट्या विटांच्या मागे दडवायचा नियमही त्यातलाच. मूळ उद्देश आग पसरू नये हा. क्रेसेंटचं काम या कायद्याच्या सात वर्षं आधी सुरू झालं होतं.

१६. समोरच्या हिरवळीत कुंपण का नाही?

आहे, पण दिसत नाही. उतारावर एका बाजूने उभी भिंत आणि तिच्यापुढे चर अशी रचना आहे, तिला ‘हा-हा’ म्हणतात. घरातून पाहिलं की हिरवळ सलग उतरत जाते. खाली चरणारी गुरं मात्र वर येऊ शकत नसत. वरचा भाग रहिवाशांचा खासगी, खालचा रॉयल व्हिक्टोरिया पार्कचा. फोटोसाठी मागे मागे सरकताना जपून.

१७. युद्धात काही पडलं का?

एप्रिल १९४२ च्या हवाई हल्ल्यांत नंबर २ आणि नंबर १७ आतून जळून गेले. तोंडं वाचली, आतलं पुन्हा बांधलं.

१८. अशा घरात राहत असू तर दाराचा रंग, दुहेरी काचा, आतली भिंत यांतलं काय बदलता येतं?

क्रेसेंट ‘ग्रेड १’ म्हणजे सर्वोच्च दर्जाची संरक्षित वास्तू आहे. संरक्षण नुसत्या तोंडाला नाही, आतबाहेर सगळ्याला असतं. वास्तूच्या रूपावर परिणाम करणाऱ्या बदलाला परवानगी लागते. जिन्याचा कठडा, शेगडीची चौकट, छताची नक्षी, दारंसुद्धा त्यात आली. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे, आणि कारवाईला मुदत नाही: आधीच्या मालकाने केलेला बदल पूर्ववत करायची नोटीस तुम्हाला येऊ शकते. घर घेण्याआधी जुन्या परवानग्या मागून घ्याव्यात.

थंडीसाठी मूळ खिडकीला हात न लावता आतून वेगळी काचचौकट बसवणं हा बहुधा मान्य होणारा मार्ग. फटींना ब्रशपट्टी आणि खिडकीची आतली लाकडी दारं दुरुस्त करून रात्री मिटणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

रंगाचा किस्सा प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकात नंबर २२ चं दार पिवळं रंगवलं गेलं, नगरपालिकेने ते पांढरं करायला सांगितलं, प्रकरण वरपर्यंत गेलं आणि दार पिवळंच राहिलं. पण त्यावरून आपल्यालाही सूट मिळेल असं गृहीत धरू नये.

१९. तीसही घरं पाहता येतात का?

नाही. संग्रहालय फक्त नंबर १. मध्यभागी १५ आणि १६ मध्ये हॉटेल आहे, बाकी बहुतेक फ्लॅट आणि काही अखंड घरं, सगळी खासगी. नंबर ११ समोर लोक थांबतात ते १७७२ च्या घटनेमुळे: गायिका एलिझाबेथ लिन्ले तिथून नाटककार शेरिडनबरोबर पळून गेली.

बाथ स्पा स्थानकावरून चढाने अर्ध्या तासाच्या आत पायी पोहोचता येतं. बस किंवा टॅक्सीने थेट दारात उतरू नका. सर्कसमधून ब्रॉक स्ट्रीटने या. तो रस्ता मुद्दाम साधा ठेवला आहे आणि शेवटच्या पावलापर्यंत क्रेसेंट दिसत नाही.

२०. महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

क्रेसेंटशी थेट नाही, पण शेजारच्या सर्कसशी आहे. तिथे नंबर १४ वर रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाची पाटी दिसते. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या मोहिमेत आरमार ॲडमिरल वॉटसनचं आणि जमिनीवरची फौज याच क्लाइव्हची होती. पेशव्यांचं सैन्यही तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होतं. सर्कस आणि क्रेसेंटमध्ये भाडं भरणाऱ्यांचा पैसा कुठून यायचा याचं हे एक उदाहरण. वेस्ट इंडीजमधले गुलामांच्या कष्टावरचे मळे हा दुसरा मोठा स्रोत होता.

२१. लंडनमधलं डॉ. आंबेडकरांचं घर याच प्रकारचं का?

कुळ एक, पिढी वेगळी. १० किंग हेन्रीज रोड हेही रांगेतलंच घर, पण व्हिक्टोरियन काळातलं, म्हणजे क्रेसेंटनंतर बऱ्याच दशकांनी बांधलेलं, आणि मध्यमवर्गीय वस्तीतलं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. राहत्या घराचं संग्रहालय करायला वापर बदलण्याची वेगळी परवानगी लागते, जुनं घर संरक्षित असो वा नसो. ती स्थानिक कौन्सिलने आधी नाकारली. चौकशीनंतर मार्च २०२० मध्ये मिळाली. प्रश्न १८ मधली परवानगी वास्तूची, ही वापराची. दोन्ही लागू असतील तिथे दोन्ही स्वतंत्रपणे घ्याव्या लागतात.